मांडवात न नाचण्याची अट

माझ्या वडिलांनी मला फसवलं. माझ्या नवऱ्याने त्यांना साथ दिली आणि सासरच्या अख्ख्या आळीने तोंडं मिटून ठेवली. हे मला कळलं ते पळसदरीजवळच्या एका जुन्या भातगिरणीत, डीजेच्या दणदणाटात, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर. तोवर मी स्वतःला व्यवहारातली समजत होते.

मी भाजीचा धंदा करते. कर्जतच्या बाजारात गोणपाट अंथरून बसण्यापासून सुरुवात केली. आज माझे दोन टेंपो कर्जत ते खालापूर ह्या पट्ट्यातल्या हॉटेलांना आणि फार्महाऊसना भाजी टाकतात. ह्यात मला कुणीही हात दिला नाही. नवरा म्हणतो, त्याने दिला. तो टेंपो चालवतो, एवढं खरं आहे. घासाघीस मी करते. नाशिकच्या व्यापाऱ्याला मी टोमॅटोवरून रडवलेलं आहे, आणि ‘ह्या बाईशी फोनवर बोलू नका, समोर बोलावू तर अजिबात नका’ असं एका हॉटेलच्या मॅनेजरने आपल्या जागी आलेल्या नव्या मॅनेजरला सांगितलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

अशा बाईच्या मुलाचं लग्न ठरलं आहे. हळद आमच्या दारात होणार. आमच्याकडे लग्न म्हणजे हळद. लग्नाला कोण आलं होतं हे लोक विसरतात, हळदीला कोण कसं नाचलं हे दोन पिढ्या सांगतात. पूर्वी बेंजो पार्टी असायची, आता डीजेवरही बेंजोच वाजतो. नवरदेवाची आजी नाचते, आत्या नाचते, मावशी नाचते, आणि मग नवरदेवाचे आईबाप जोडीने मांडवात उतरतात. त्या वेळी सगळे बाजूला सरकून जागा करतात. मुलाचं ठरल्यापासून त्या जागेत मी एकटी उभी असलेली मला दिसत होते, कारण माझा नवरा नाचत नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच हळदीत मी त्याला ओढलं होतं. तो म्हणाला, “मला येत नाय गं.” म्हटलं, न येणारेच जास्त नाचतात, चल. तर तो जनरेटर बघून येतो म्हणून गेला तो जेवणाच्या पंगतीलाच उगवला. पुढच्या हळदीत तेच. त्याच्या पुढच्या हळदीत तर कुणी काही म्हणायच्या आधीच लोक त्याला हाक मारू लागले, “अरं, जनरेटर बघ रं जरा.” मी नणंदेबरोबर नाचले, जावेबरोबर नाचले, एकदा तर मटण शिजवायला आलेल्या आचाऱ्याबरोबर नाचले. माझी पक्की समजूत झाली होती की ह्या माणसाचं जनरेटरवर प्रेम आहे. पुढे महावितरणची लाईट बरी टिकायला लागली तरी हा हळदीला जनरेटरशेजारीच, बंद जनरेटरशेजारी. काही वर्षांनी मी विचारायचं सोडून दिलं. माल खराब निघाला आणि परत घेणारं कुणी नसलं की माणूस गप्प बसतो, तशी बसले.

आता गिरणीचं सांगते.

मुंबईच्या एका तरुणाने ती गिरणी घेतली आणि तिच्यात क्लब काढला. लहानसाच. पन्नास माणसं शिरली तर एकावन्नाव्याने हात वर करून उभं राहावं, एवढा. लहानपणी वडिलांबरोबर मी तिथे भात भरडायला जात असे. पट्ट्याचं मोठं चाक त्याने भिंतीवर तसंच ठेवलं होतं, त्याच्याभोवती निळे दिवे लावले होते आणि सगळ्या भिंतींना काळा रंग दिला होता. आमच्यापैकी कुणी घराला तसा रंग दिला असता तर शेजारी विचारायला आले असते, कोण गेलं म्हणून.

उद्घाटनाच्या आधी त्याने ज्यांनी ज्यांनी काम केलं आणि ज्यांचा माल लागणार होता त्यांना घरच्यांसकट एका संध्याकाळी बोलावलं. सुतार, वायरमन, बर्फवाला, चिकनवाला आणि मी. मला वाटलं, मान देतोय. नंतर कळलं की आवाज भिंतींना सोसतो का आणि माणसं भरल्यावर किती गरम होतं ते त्याला बघायचं होतं. नवी गिरणी सुरू करताना पहिला हलका भात घालून बघतात ना, तो भात आम्ही होतो.

दारावर एका आडव्या माणसाने आमच्या मनगटांना कागदी पट्ट्या बांधल्या. मी विचारलं, ह्या पट्टीवर काय मिळतं? तो म्हणाला, एक सरबत. मी त्याला सांगितलं की माझे मालक नाचत नाहीत, ते नुसते बसून राहणार, नाचणाऱ्याला घाम येतो तसा बसणाऱ्याला कंटाळा येतो आणि कंटाळ्याला एक सरबत पुरत नाही. त्याने नवऱ्याच्या मनगटाला दुसरी पट्टी बांधली. नवरा म्हणाला, कशाला गं. पण पट्टी काढली नाही.

आत डीजे वाजत होता. मी चांगलं-वाईट म्हणत नाही, जे ऐकलं ते सांगते. टुक टुक टुक टुक. दर वेळी वाटायचं, आता गाणं सुरू होईल. होत नव्हतं. थंडीत टेंपोला स्टार्टर मारत राहावं आणि गाडी उचलूच नये तसं चाललं होतं. मधल्या जागेत क्लबचा मालक आणि त्याचे दोन मित्र डोळे मिटून हात वर करून डोलत होते. बाकी सगळे भिंतीला पाठ लावून. चिकनवाला बायकोपोरांना ओळीने बसवून असा बसला होता की आता आतून डॉक्टर एकेकाला बोलावणार. वायरमन नुसता वर बघत होता. कुठली वायर पहिली तापणार ते त्याला ठाऊक असावं. माझा नवरा कोपऱ्यातल्या खुर्चीवर सरबत घेऊन बसला. क्लबला जनरेटर होता, पण तो बाहेर पत्र्याच्या खोलीत होता आणि खोलीला कुलूप होतं. हे त्याने आल्याबरोबर बघून घेतलं होतं.

मालक दोनदा येऊन म्हणाला, “एन्जॉय करा ना मावशी, फ्लोअर रिकामा आहे.” त्याचा चेहरा पडला होता. उद्घाटनाला असंच झालं तर काय, ही भीती मला त्याच्या कपाळावर दिसत होती. समोरच्याची भीती दिसली की माझा हात आपोआप पदर खोचायला जातो. मी उठून डीजेकडे गेले.

डीजे मोहोपाड्याचा, तिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, एका कानावर हेडफोन. मी त्याला ओळखलं. आमच्या नात्यातल्या एका हळदीत ह्यानेच बेंजो मधेच तोडून दुसरं गाणं लावलं होतं आणि मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. त्यानेही मला ओळखलं, कारण हेडफोन त्याने दोन्ही कानांवर घेतला. मी तो एका बाजूने उचलला आणि सांगितलं, बेंजो लाव.

“मावशी, साहेबांनी सांगितलंय, हळदीचं काही वाजवायचं नाही. क्लास जातो.”

“भातगिरणीत क्लास आला कधी, तो जायला?”

तो हसला, पण हात हलवेना. मग मी त्याच्याशी नीट बोलले. जागा रिकामी आहे आणि उद्या साहेब जागेला दोष देणार नाही, तुला देणार. तू बेंजो लाव, बायका उतरवायचं मी बघते. तो म्हणाला, एक वाजवतो. मी तीन मागितले. दोनवर तुटलं, पण मी वरून घातलं की मधे तोडायचं नाही. त्याने साहेबाकडे पाहिलं. साहेब डोळे मिटून छत धुंडाळत होता. डीजेने बटण दाबलं.

बेंजोची पहिली सुरावट आली आणि त्या काळ्या खोलीत सगळ्यांच्या पाठी भिंतीपासून सुटल्या. चिकनवाल्याच्या बायकोने मांडीवरचं पोर नवऱ्याकडे दिलं, सुतारणीने चपला काढल्या. मी हात धरून ओढायला निघाले होते, तर ओढायला कुणी शिल्लकच राहिली नाही. मालकाने डोळे उघडले, डीजेला काहीतरी ओरडायला गेला आणि भरलेली जागा बघून तोंड मिटून घेतलं. मी त्याला लांबून हात केला. माझं काम झालं होतं. एक नजर टाकावी म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघितलं तर खुर्ची रिकामी. म्हटलं, गेले कुलूप उघडायला.

तेवढ्यात माणसं बाजूला सरकली.

माझा नवरा मधे उभा होता. चपला त्याने भिंतीकडे तोंड करून नीट ठेवल्या होत्या, हे मी नंतर पाहिलं. दोन्ही हात पाठीमागे, मान जराशी तिरकी, आणि नाच सगळा गुडघ्याखाली. वरचं अंग हललंच तर खांदा, तोही एकेक, जणू दुसऱ्याला विचारून. मग त्याने खिशातला रुमाल काढून दातात धरला आणि खाली बसत बसत पार जमिनीला टेकून उठला, ठेका न चुकता, ह्या वयात. ज्या गुडघ्यांचं निमित्त सांगून तो फ्लॉवरच्या गोण्या माझ्याकडून उचलून घेतो, तेच गुडघे. मी बरंच नाचलेलं पाहिलं आहे, त्यामुळे मला फरक कळतो. हा शिकलेला, घासलेला, लोकांनी एके काळी ज्याला जागा करून दिली असा नाच होता. न येणाऱ्याचा नव्हता.

तो नाचत नाचत माझ्याभोवती फिरला. बोलावलं नाही, हात धरला नाही, फक्त फिरला. मी काखेत पर्स दाबून खांबासारखी. मला राग आला होता, आणि रागातच माझे पाय सुरू झाले. दोन गाणी आम्ही नाचलो. पर्स मी खाली ठेवली नाही, ती सगळ्यांना लागत होती. दुसरं संपलं तेव्हा डीजेने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने तिसरं काही न मागता लावलं. ते अर्धं झालं असेल, तोवर दहा वाजत आले म्हणून मालकानेच आवाज बंद करायला लावला. दहानंतर आवाज नको, अशी पोलिसांनी ताकीद दिली होती म्हणे. मी त्याच्याशी अर्ध्या गाण्यावरून भांडले. मिळालं नाही.

बाहेर टेंपोजवळ बर्फवाला उभा होता. तो माझा चुलतदीर, सासरच्या आळीतला. घामाने भिजला होता आणि डोळे पुसत होता. मला म्हणाला, “वहिनी, आज सुटला गं भाऊ.”

मी विचारलं, कशातून सुटला?

त्याने जीभ चावली, इकडे तिकडे पाहिलं. मी पर्स दुसऱ्या काखेत घेतली. एवढ्यावर त्याने सगळं सांगितलं.

माझा नवरा लग्नाआधी आमच्या भागातला नावाजलेला नाचणारा होता. चौकपासून लोधिवलीपर्यंत कुणाची हळद असली की बेंजोवाले आधी विचारत, तो येणार का. माझे वडील मुलगा बघायला गेले ते एका हळदीच्याच दिवशी, आणि तो रुमाल दातात धरून जमिनीवर बसलेला असताना. नाचणारा माणूस संसार करत नाही असं वडिलांचं मत. शेतीभाती, घर सगळं पसंत पडलं, फक्त नाच नाही. बोलणीच्या बैठकीत त्यांनी चार माणसांदेखत अट घातली: मांडवात नाय, वरातीत नाय, पालखीपुढे नाय, गणपतीत नाय. जावई नाचताना दिसला तर पोर त्याच दिवशी परत नेईन. नवऱ्याने शब्द दिला. सासूबाईंनी आळीत घरोघर जाऊन बजावलं की हे नव्या सुनेच्या कानावर जाता कामा नये, कारण सून तापट आहे. ती बापाशी भांडेल, बाप चिडेल आणि घेऊन जाईल. आणि अख्खी आळी गप्प बसली. त्या आळीत कुणाच्या घरी कुठली भाजी शिजली ते चूल विझायच्या आत तिसऱ्या घरी कळतं. ह्या एकाच गोष्टीला पाय फुटले नाहीत. त्याला जनरेटरकडे पाठवणारे सगळे सामील होते. जनरेटर ही त्याची लपायची जागा होती.

नवरा दुसरं सरबत पीत शेजारीच उभा होता. मी त्याच्याकडे वळले. तो म्हणाला, “मांडव, वरात, पालखी, गणपती. हितं मांडव हाय का?”

मी आयुष्य शब्दांवर घालवलं आहे. कुठल्याही सौद्यात समोरचा उठायच्या आत मी विचारते, ह्यात न बोललेलं काय आहे? आणि माझ्याच लग्नाच्या सौद्यात न बोललेलं मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. वर ह्या माणसाने त्यातली फट शोधली, ती सुद्धा मीच भांडून लावलेल्या बेंजोवर.

परतताना पळसदरी मागे पडेपर्यंत मी बोलले नाही. नवरा घाबरला, कारण माझं न बोलणं त्याने फार पाहिलेलं नाही. मग मी विचारलं, “घरात मांडव व्हता? सैपाकघरात पालखी यायची?”

“घरात बेंजो कुठं व्हता?”

“रेडिओ व्हता. मोबाईल हाय.”

त्याने गियर बदलला. मग म्हणाला, “पैली वर्सं भ्या व्हतं गं. तू जाशील म्हनून. मंग पोरं झाली. मंग कवा भ्या गेलं ते कळलं नाय, आन् जनरेटरची सवय ऱ्हायली.”

 मी त्याला गाडी हळू चालव म्हटलं.

पण हळद डोक्यावर होती. मी सांगितलं, आता मुलाच्या हळदीत तू माझ्याबरोबर उतरायचंस. तो म्हणाला, शब्द तुझ्या बाबांना दिलाय, ते सोडतील तर उतरेन. मी म्हटलं, इतक्या वर्षांनी मला कोण परत नेणार आहे? मला न्यायलाच दोन टेंपो लागतील. तरी तो नाहीच म्हणाला. एरवी मी दोन वाक्यांत ह्याचं मन वळवते, इथे दोनशेंनी हललं नाही.

म्हणून दुसऱ्याच दिवशी त्याला आणि साक्षीला बर्फवाल्या दिराला घेऊन माहेरी गेले. वडील ओटीवर बसून नातवाच्या मोबाईलवर बैलांच्या शर्यती बघत होते. ऐंशीच्या घरात आहेत, पण कान आणि दात दोन्ही शाबूत. मी उभ्यानेच विचारलं, तुम्ही अशी अट घातली होती का?

त्यांनी शर्यत संपेपर्यंत मान वर केली नाही. मग म्हणाले, “आसं मी बोललो?”

त्या बैठकीत चहा फिरवणाऱ्या दिराने सांगितलं, कुठल्या खोलीत, कोण कोण होतं, चहाबरोबर काय होतं.  वडिलांनी मला टोमॅटो काय भावाने चाललाय ते विचारलं. मी सांगितलं नाही. हे बोलणं बाजूला सारायचं कसब मी त्यांच्याकडूनच उचललं आहे, मला ते लगेच दिसतं. अखेर म्हणाले, “बोललो आसंन गं मस्करीत. लग्नाच्या बैठकीत मानूस काय काय बोलतो. येवढं कोन धरून बसतं?”

माझ्या नवऱ्याने चहाची कपबशी खाली ठेवली. सासऱ्यासमोर त्याने आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता, त्या दिवशीही चढवला नाही. म्हणाला, “मामा, मी जनरेटर सांभाळला.”

एवढंच.  वडिलांनी मोबाईल पालथा ठेवला. म्हणाले, “मंग सांगायचं नाय का जावईबापू, मी कवाच सोडलं आसतं.”

नवऱ्याचं म्हणणं एकच. शब्द चार लोकांत दिला, सुटका पण चार लोकांतच व्हायला हवी. ओटीवर बसून सोडलेला त्याला चालणार नाही. मी वडिलांना सांगितलं, मग तुम्ही हळदीला या आणि मांडवात उभं राहून सांगा. त्यावर ते तापले. तापटपणा कुठून आला तेही त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना दिसलं. लोकांत जाऊन सांगू की मी घातलेली अट मीच विसरलो? ह्या वयात माझं हसं करतेस? मी म्हटलं, हसं माझं झालं आहे. आचाऱ्याबरोबर नाचले मी. ते म्हणाले, बघू. आणि शर्यती पुन्हा लावल्या.

‘बघू’ हा शब्द मी रोज ऐकते. ज्याला माल हवा असतो पण भाव कबूल करायचा नसतो तो म्हणतो बघू. मला तो चालत नाही, आणि तो बापाचा असला तर अजिबात चालत नाही.

अट घातली होती ती माणसं दिसतील अशा जागी घातली होती, म्हणून मीही हे चार लोक वाचतील अशा जागी लिहिते आहे. बैठकीतल्या त्या चार माणसांपैकी दोघे अजून हयात आहेत, दोघांनाही हळदीची पत्रिका गेली आहे. त्यांनी येऊन सांगावं की मुलीच्या जन्माचा सौदा होत असताना मुलीला हाक मारावी असं त्यांच्यातल्या एकालाही का वाटलं नाही. आणि बाबा, तुम्ही मांडवात उभं राहून, माईक हातात घेऊन, अट का घातली आणि ती विसरलात कशी ते सांगायचं आहे, आणि जावयाचा शब्द त्याला परत द्यायचा आहे. मटण शिजून थंड झालं तरी चालेल. तुमचं उत्तर आल्याशिवाय बेंजो वाजणार नाही. डीजेवाल्याशी तसं बोलून मी मोकळी झाले आहे.